माडग्याळी नर घेऊ का? आधी कळपात चाललेली उलटी निवड थांबवा

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कर्नाटकात अथणीच्या बाजूला तुमच्या 40 दख्खनी मेंढ्या आहेत, चार एकर रान आहे, त्यातलं दोन एकर पाण्याखाली. पावसाळ्यात मेंढरं गावातच असतात, सुगी झाली की वाडा (कळप आणि त्याचा मुक्काम) उसाच्या पट्ट्यात फिरतो. कोकरं तीन महिन्यांची झाली की व्यापारी वाड्यावर येऊन घेऊन जातो आणि वर्षाच्या शेवटी हातात फार काही उरत नाही. जतकडचा एक माडग्याळी जातीचा नर तुम्हाला 80,000 ला सांगितलाय. कुणी डॉर्पर ही परदेशी जात घ्या म्हणतंय, कुणी जुळी देणाऱ्या मेंढ्या आणा म्हणतंय. यातलं काय करू, असा तुमचा प्रश्न आहे.

मी चिकोडी-रायबाग भागात जनावरांची डॉक्टरकी करतो आणि घरी मेंढरंही आहेत. माझ्या मते नर कुठल्या जातीचा घ्यायचा हा नंतरचा प्रश्न. एका मेंढीमागे वर्षाला किती किलो कोकरू तुम्ही विकता, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि ते कळल्याशिवाय नराचं उत्तर देता येत नाही. कोकरांची संख्या मोजू नका, मेंढीमागे किलो मोजा. फायदा त्यातूनच निघतो.

समजा 40 मेंढ्यांतल्या 36 व्याल्या. थंडी, न्यूमोनिया, हगवण, लांडगा, कुत्रं असं सगळं वजा जाता 29 कोकरं तीन महिन्यांची झाली आणि सरासरी वजन 14 किलो भरलं. झाले 406 किलो, म्हणजे मेंढीमागे जेमतेम 10. आता भारी नर आणून कोकराचं वजन 2 किलोनं वाढलं तर 29 गुणिले 16, म्हणजे 464. नर जुनाच ठेवून मरणारी चार कोकरं वाचवली तर 33 गुणिले 14, म्हणजे 462. दोन्ही आकडे सारखेच आले. चार कोकरं वाचवायचा खर्च बघा: शेवटच्या दीड महिन्यात गाभण मेंढीला मूठभर भरड, व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस, नाळेला आयोडीन आणि कोकराच्या पोटात पहिल्या दोन तासांत चीक. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांतच होते, आणि आपल्याकडं नेमकं त्याच वेळी मेंढीला दिवसभर चालवलं जातं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण घालाच.

आता मुद्द्याचं. तुमच्या कळपात पैदाशीची निवड आजही चालू आहे, फक्त ती तुम्ही करत नाही, व्यापारी करतो, आणि उलट्या दिशेनं करतो. तो वाड्यावर आला की काय करतो ते नीट बघा. कोकरांच्या घोळक्यात शिरतो, एकेकाच्या कमरेवर हात दाबतो, मागच्या दोन पायांच्या मध्ये हात घालून उचलून बघतो आणि सगळ्यात जड नर कोकरं बाजूला काढतो. भाव चांगला सांगतो, आपल्यालाही त्या दिवशी पैसा लागलेला असतो. त्याच्या डोळ्यात न भरलेली एक-दोन खुरटी नर कोकरं मागं राहतात. ती पाचव्या-सहाव्या महिन्यात मेंढ्यांच्या मागं लागतात आणि पैदाशीचा नर आणायच्या आधीच निम्मा कळप फळवून टाकतात. म्हणजे सगळ्यात जलद वाढणारं रक्त दर वर्षी खाटकाकडं जातं आणि सगळ्यात मंद वाढणारं रक्त कळपाचा बाप होतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर 80,000 चा नर आणा नाहीतर 8 लाखांचा, त्याच्या पोरांतलंही उत्तम ते व्यापारीच नेणार.

मादी कोकरांचंही तेच. अडचणीच्या वेळी ठसठशीत पाट विकली जाते, कारण तिलाच गिऱ्हाईक मिळतं.

तेव्हा पहिला नियम: व्यापाऱ्याला वाड्यात शिरू देण्याआधी तुमची कोकरं तुम्ही बाजूला काढा. वेतातली सगळ्यात चांगली तीन-चार नर कोकरं आणि आठ-दहा पाटी यांवर कावेचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) पट्टा ओढा आणि ‘ही विकायची नाहीत’ म्हणून सांगा. तो नेमकी तीच मागेल, जास्त पैसे देऊ करेल. तुमची निवड बरोबर आहे याची ती पावतीच समजा. उरलेले नर चौथ्या महिन्यापर्यंत एक तर विका, नाहीतर बडवा, म्हणजे खच्ची करा. बकरी ईदला काढायचे असतील तर बडवू नका, पण मेंढ्यांपासून वेगळे बांधा. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. वर्षाच्या वयाचा, शिंग-कान-शेपूट शाबूत असलेला मेंढा तेव्हा पाहिजे तर वेत कधी घ्यायचं, हे उलटं मोजून ठरवावं लागतं. मेंढी पाच महिन्यांनी, साधारण 150 दिवसांनी विते, तेवढं धरा.

चांगलं कोकरू ओळखायचं कसं? नजरेनं नाही. नजर फसते, कारण मोठं दिसणारं कोकरू बऱ्याचदा तीन आठवडे आधी जन्मलेलं असतं, नाहीतर एकुलतं असतं. झाडाच्या फांदीला लटकवायचा काटा घ्या, गोणपाटाला चार पायांसाठी भोकं पाडा, त्यात कोकरू घाला आणि काट्याला टांगा. एका पंधरवड्यात जन्मलेली कोकरं एकमेकांशीच ताडून बघा. जुळ्यातलं कोकरू दोन किलोनं कमी असलं तरी ते मागं पडलं असं समजू नका, त्याच्या वाट्याला निम्मंच दूध आलेलं असतं. पहिलटकरणीच्या कोकरालाही थोडी सूट द्या. वहीत चारच रकाने पुरेत: आईचा बिल्ला, जन्मतारीख, एक की जुळं, तीन महिन्यांचं वजन. तुमचे वडील वही बघून हसतील. त्यांना आईवरून कोकरू आणि कोकरावरून आई ओळखता येते हे खरं आहे, पण तीन वर्षांपूर्वीच्या वेताचं वजन कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

दुसरं साधं हत्यार म्हणजे काव. खाद्यतेलात कालवून नराच्या छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, दर दोन-तीन दिवसांनी फासा. ज्या मेंढीवर तो चढला तिच्या माकडहाडावर तांबडा डाग दिसतो, ती तारीख लिहा. मेंढी 17 दिवसांनी परत माजावर येते, म्हणून 17 दिवसांनी रंग बदला, काजळ किंवा नीळ घ्या. तांबड्यावर परत निळा डाग बऱ्याच मेंढ्यांवर दिसू लागला तर नरात खोट आहे, मेंढ्यांत नाही. हे सहाव्या महिन्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात कळलं तर अख्खं वेत वाचतं.

अशा निवडीनं किती फरक पडतो ते स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. वजनातला साधारण पाव हिस्साच रक्तातून येतो, बाकीचा आईच्या दुधाचा आणि चाऱ्याचा. कळपाची सरासरी 14 किलो आणि तुम्ही राखलेला नर त्याच वयात 18 किलोचा होता, म्हणजे 4 किलो जास्त. त्याचा पाव हिस्सा 1 किलो, आणि कोकरात बापाचं रक्त निम्मं, म्हणजे कोकरामागे अर्धा किलो. एवढंच. पण हा अर्धा किलो चाऱ्यावर खर्च न करता मिळतो, कळपात राहतो आणि पुढच्या नरानं त्यात भर पडते. बाहेरून आणलेल्या जातीचं तसं नसतं. ती एकदम उडी देते, पण सोबत काय काय आणते तेही बघावं लागतं.

माडग्याळी म्हणजे जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नावानं ओळखली जाणारी उंच, लांब पायांची, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची मेंढी. ती दख्खनीपेक्षा अंगानं मोठी आणि तिची कोकरं जलद वाढतात, यात वाद नाही. तुमच्या अथणीला ती परकीही नाही. जत तुम्हाला लागूनच आहे, तसंच कोरडं हवामान आणि तसाच बाभळी-बोरीचा चारा. तोच नर खानापूर-कणकुंबीच्या पावसात कुणी मागितला असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. तिकडं खुरं कुजतात, भाताच्या खाचरात गोगलगाईमुळं यकृतातले चपटे जंत होतात आणि तिथं मेंढीचा धंदाच अवघड. एकाच जिल्ह्यात घाटमाथा आणि दुष्काळी पट्टा दोन्ही असल्यानं ‘बेळगाव जिल्ह्यासाठी कुठली जात’ याला एक उत्तर नाही.

आता त्या 80,000 चा हिशोब. वर धरल्याप्रमाणे 29 कोकरं, कोकरामागे 2 किलो जादा, म्हणजे 58 किलो. जिवंत वजनाला किलोमागे 400 रुपये धरले तर वर्षाला 23,200. नर दोन वर्षं वापरायचा, कारण त्यानंतर त्याच्याच पाटी फळायला येतात. म्हणजे दोन वर्षांत 46,400, अधिक नर विकून जे येईल ते. तेव्हा 25-30 हजारांपर्यंतचा नर अंगावर येत नाही. 80,000 चा नर फक्त तेव्हाच परवडतो जेव्हा तुम्ही कोकरं खाटकाला न विकता पैदाशीसाठी विकता. आटपाडीच्या कार्तिक यात्रेत पोपटासारख्या बाकदार नाकाला लाखांच्या बोली लागतात, हे आपण सगळे ऐकतो. ती हौशी बाजाराची किंमत आहे. नाकाचा बाक मटणाच्या काट्यावर चढत नाही. केरूर, अमीनगड किंवा गोकाकच्या बाजारात तुमच्या कोकराची किंमत त्याच्या कमरेवर हात ठेवून ठरते. त्या 80,000 च्या नराचं नाक जरा कमी बाकदार असतं तर तो निम्म्या किमतीत मिळाला असता, असा माझा अंदाज आहे. तसाच शोधा, नाक सरळ आणि कंबर रुंद असलेला.

आणि घेतलात तर अख्खा कळप त्याच्याखाली घालू नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे ऐकतात. तुमच्या 40 पैकी उत्तम 20 मेंढ्या, ज्या दर वेताला कोकरू वाढवून देतात त्या, दख्खनी नराकडंच ठेवा. पुढच्या पाटी त्यांच्यातूनच राखा. उरलेल्या 20 माडग्याळी नराला द्या आणि ती संकरित कोकरं नर-मादी सगळी विकून टाका. संकराची पहिली पिढी जोमदार असते. पण संकरित पाटी राखून त्याच नराच्या पोराला दिल्या की तो जोम उतरतो आणि अंगानं मोठ्या झालेल्या मेंढ्यांना उन्हाळ्यात चारा जास्त लागतो. चैत्र-वैशाखात वाड्यावर लहान अंगाची दख्खनी मेंढी तग धरते ती उगाच नाही. शिवाय माडग्याळीला लोकर जवळजवळ नसते. लोकरीला आज कुणी विचारत नाही, कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, त्यामुळे ते नुकसान मी मोजत नाही. पण रात्रीच्या पावसात आणि पौषातल्या थंडीत उघड्यावर बसणाऱ्या कळपाला ती लोकर कामाची असते.

दोन नर एका वाड्यात सांभाळायचे कसे, हा पुढचा प्रश्न येईलच. फळवायच्या सहा आठवड्यांत मेंढ्या दोन वाघरीत (जाळीच्या कुंपणात) वेगळ्या बसवा आणि नर रात्री सोडा. दिवसा चरायला एकत्र जायचं असेल तर नर घरी बांधा, किंवा पोटाखाली गोणपाट बांधून सोडा. एका जाणत्या नराला 25-30 मेंढ्या झेपतात, कोवळ्याला त्याच्या निम्म्या.

डॉर्परबद्दल फार लिहीत नाही. ही दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याच्या पर्शियन मेंढीपासून बनवलेली मटणाची जात, आणि ती खरोखर चांगली आहे. गोठ्यात बांधून, खुराक देऊन, वजनावर विकणाऱ्यासाठी. आज इकडं तिची जी किंमत सांगतात ती एकमेकांना नर विकणाऱ्यांची किंमत आहे. वाड्यावर फिरणाऱ्या माणसानं त्यात पडू नये. आपल्याकडं हे पहिल्यांदा होत नाहीये. मागच्या शतकात सरकारी फार्मवर रॅम्बुले आणि मेरिनो या परदेशी जातींचे नर आणून दख्खनीचा संकर केला गेला, हेतू मऊ लोकरीचा होता. लोकर सुधारली, पण ते मेंढरू दुष्काळी रानात दिवसभर चालून पोट भरणारं नव्हतं आणि धनगरानं ते धरलं नाही.

जुळ्यांचा विषय मात्र वेगळा आणि जास्त विचार करण्यासारखा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागातल्या छोट्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला आणि त्यातून नारी सुवर्णा तयार केली. वजनाचा गुण अनेक जनुकांचा असतो, म्हणून तो हळूहळू सरकतो. हा मात्र एकच जनुक आहे. नरात त्याच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक पाटीत एक प्रत येणारच, आणि रक्त तपासून ते आधीच कळतं. एक प्रत असलेल्या बऱ्याच मेंढ्या जुळी देतात.

पण जुळं जन्माला येणं आणि जुळं वाढणं या दोन गोष्टी. जुळ्यातलं कोकरू जेमतेम दोन किलोचं असतं, आईला दोघांपुरतं दूध यायला गाभणपणात आणि व्याल्यावर खुराक लागतो, पहिले दहा दिवस त्यांच्याकडं बघायला घरात माणूस लागतं. वाडा हलता असेल आणि कोकरं घोड्यावरून न्यावी लागत असतील तर जुळ्यातलं एक वाटेत जातं आणि दुसरं खुरटतं. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा: दोन एकर पाण्याखाली आहे ना, त्यात गुंठे-दोन गुंठे मेथीघास, बांधावर सुबाभूळ आणि शेवरी लावा. दहा मेंढ्या घरीच राखायच्या आणि घरातलं कुणी त्यांच्याकडं लक्ष देणारं असेल, तर त्या दहांसाठी असा नर आणून बघा. फिरत्या कळपात नको. आणि नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या चाऱ्यावर, ही मेंढी पोसता येईल असं धरून चालू नका. उसाच्या वाड्यानं पोट भरतं, दूध येत नाही.

नर कुठलाही घ्या, घेताना बाजारात घेऊ नका, मालकाच्या वाड्यावर जाऊन घ्या. त्याची आई बघा, तिनं किती वेतं घेतली ते विचारा. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का बघा. दोन्ही अंड हातात घेऊन दाबा: सारखे, घट्ट, गाठ नसलेले हवेत. एक लहान, एक मोठा असेल तर रूप कितीही देखणं असू दे, सोडून द्या. रक्त काढून ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, नाहीतर एक नर अख्खा कळप गाभडवतो आणि हा रोग माणसालाही लागतो. आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, पीपीआर (ताप-हगवणीचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस झाली आहे का खात्री करा, जंताचं औषध द्या. पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता नर आणणं मी टाळायला सांगतो, तेव्हा चिलटांमुळं निळ्या जिभेची साथ असते आणि नवं जनावर आधी धरलं जातं.

सरकारी फार्मचा नर हवा असेल तर सीमेपलीकडं कवठेमहांकाळजवळ रांजणीला महाराष्ट्राच्या मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पैसे देऊन नर कुठूनही आणता येतो. अनुदान मात्र ज्या राज्यात राहता तिथलंच, म्हणजे तुमच्यासाठी कर्नाटकाच्या मेंढी आणि लोकर विकास निगमाकडून. अर्ज कन्नडमध्ये असतो, शाळेत कन्नड शिकलेलं एखादं पोर घरात असतंच, त्याच्याकडून भरून घ्या आणि काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा-सही करू नका.

कुणाला विकायचं, हेही लिहितो, कारण नर घ्यायला पैसा तिथूनच येईल. वहीचं एक वर्ष झालं की लागोपाठ दोनदा न फळलेली, कोकरू न पाजणारी, सडाला गाठ असलेली, दात पडलेली मेंढी काढा. इतरांना दोनदा जंताचं औषध लागलं तिथं जिला चारदा लागलं, खालची पापणी ओढली की जिची आतली बाजू पांढरीफटक दिसते, जबड्याखाली पाणी उतरतं, तीही काढा. जंताला टिकणं हे थोडंफार रक्तातून येतं आणि त्यासाठी कुठली जात विकत आणावी लागत नाही. 40 मधल्या पाच-सहा मेंढ्या नुसत्या चारा खाऊन फिरत असतात, हे बहुतेक वाड्यांवर मला दिसतं. त्या विकून आलेल्या पैशातून साध्या नराची किंमत बऱ्यापैकी निघते.

नर दोन वर्षांनी बदलायचा खर्च टाळायचा असेल तर चार सोयऱ्या-पाहुण्यांनी मिळून ठरवा. प्रत्येकानं आपल्या कळपातला वजन करून राखलेला एक नर ठेवायचा आणि दोन वर्षांनी तो पुढच्याकडं द्यायचा. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला माघात सगळे जमतातच, नरांची अदलाबदल तिथंच ठरवता येते. अट एकच, चौघांनीही ब्रुसेलाची तपासणी करायची.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत त्या कळवा: वर्षात किती महिने वाडा बाहेर असतो, आणि दुसऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे पैसे किंवा धान्य किती मिळतं. बसवणीचं उत्पन्न मोठं असेल तर पाच-सहा मेंढ्या काढून संख्या कमी करा हा सल्ला तुम्हाला लागू होणार नाही, कारण तिथं शेतकरी डोकी मोजून पैसे देतो. ते कळलं की 20-20 ची वाटणी बदलावी लागेल का ते सांगतो. तोवर त्या नरवाल्याला इसार देऊ नका. पुढचं फळवणं जेव्हा असेल त्याच्या दोन महिने आधी नर घरात असला म्हणजे झालं.